वलगण, गळ आणि टीसीएल : मिशीवाला मासा धरायच्या रीती आणि आपल्या नद्यांचा हिशेब

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. अर्धी वाचून भांडायला येऊ नका.)

मिरगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की शहापूर-मुरबाडमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या. वलगणीच्या माशांनी भरलेल्या टोपल्यांचे फोटो मोबाईलवर फिरायला लागतात आणि दोन दिवसांत त्यावर भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, अंड्यावर आलेले मासे मारताय, काही वाटतं का? दुसरी बाजू म्हणते, आमच्या आज्या-पणज्यापासून आम्ही वलगण करतोय, तेव्हा नाही संपले मासे, आताच कसे संपायला लागले?

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण भांडण टोपलीपाशीच अडकून पडतं. मासा कशाने धरला, कुठे धरला, कोणत्या दिवसांत धरला आणि किती धरला, हे चार प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या मते आपल्या नद्यांचा सगळा इतिहास या चार प्रश्नांत आहे. म्हणून आज एकाच जातीचे मासे घेऊन तो सांगतो. मिशीवाले मासे, म्हणजे इंग्रजीत ज्यांना कॅटफिश म्हणतात ते. आपल्याकडचे मांगूर, शिंगी, शिंगाळा.

आधी माशाची ओळख

या माशांना खवले नसतात. तोंडाभोवती मिशा असतात आणि त्या मिशांनीच तो गढूळ पाण्यात, रात्रीच्या काळोखात वाट आणि खाणं शोधतो. मांगूर आणि शिंगी यांची आणखी एक करामत म्हणजे ते हवेतूनही श्वास घेतात. त्यामुळे उन्हाळ्यात डबकं आटलं तरी चिखलात तग धरतात आणि पावसात ओल्या गवतावरून सरपटत एका खाचरातून दुसऱ्यात जातात. बाजारात पाटीतला मांगूर तासाभराने पण वळवळताना दिसतो तो यामुळेच.

शिंगीचा काटा ज्याला लागलाय त्याला वेगळं सांगायला नको. मला लहानपणी लागला होता. रात्रभर हात ठणकत होता. त्या काट्यात विष असतं, नुसती जखम नसते ती.

शिंगाळ्याची एक गोष्ट मला फार आवडते. ईस्ट इंडिया कंपनीत विल्यम सायक्स नावाचा एक लष्करी अधिकारी होता. त्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांचा अभ्यास केला आणि १८३९ साली त्याने केलेली वर्णनं छापून आली. त्यातल्या एका मोठ्या मिशीवाल्या माशाला त्याने शास्त्रीय नाव दिलं ‘सीनघाला’. दुसरं तिसरं काही नाही, आपला शिंगाळाच! आज जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ तो मासा ‘स्पेराटा सीनघाला’ या नावाने ओळखतात. साहेबाने नाव नोंदवलं, पण ते त्याला सांगितलं असणार कुठल्या तरी नदीकाठच्या मासे धरणाऱ्याने. त्या माणसाचं नाव मात्र कुठेच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

नदी तशी रीत

आपल्या दोन तालुक्यांत मासे धरायची पद्धत एक नाही, कारण नद्या एकसारख्या नाहीत.

मुरबाडची काळू माळशेजच्या डोंगरातून येते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि होळीनंतर तुटक तुटक डोह होऊन राहते. शहापूरची भातसाही पूर्वी तशीच असणार. पण धरण झाल्यापासून भातसेचं पाणी मुंबईसाठी नदीतूनच खाली सोडतात आणि भिवंडी तालुक्यात पिसे इथे उचलतात. त्यामुळे धरणाखालची भातसा भर मे महिन्यातही वाहती असते. म्हणजे एकीकडे उन्हाळी डोह, दुसरीकडे बारमाही वाहतं पाणी. काळूवरचा माणूस उन्हाळ्यात डोह धुंडाळतो, भातसेवरचा माणूस पाग आणि गळ घेऊन काठावर उभा राहतो.

आता एकेक रीत बघू.

वलगण. पहिल्या मोठ्या पावसात नदीचं पाणी ओहोळात आणि ओहोळाचं पाणी भाताच्या खाचरांत मिसळतं. त्या उलट्या वाटेने मासे वर चढतात, अंडी घालायला. मांगराची मादी उथळ खाचरात, बांधालगतच्या चिखलातल्या खळग्यात अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. वलगण म्हणजे या चढत्या माशांना धरणं. पूर्वी हातात पेटता टेंभा, दुसऱ्या हातात कोयता नाही तर काठी, आणि कमरेला टोपली. आता हेडलाईट असलेली बॅटरी. वलगण फार दिवस चालत नाही. एखादी रात्र, दोन रात्री, पाणी ओसरलं की खेळ संपला.

बांबूचा सापळा. कामट्यांची निमुळती टोपली विणायची, तोंडाशी आत वळलेल्या टोकदार कामट्या. मासा आत जातो, बाहेर येताना कामट्या टोचतात. काही ठिकाणी हिला खोईन म्हणतात, प्रत्येक गावचं नाव वेगळं असतं. ही टोपली खाचराच्या बांधाला जिथे पाणी सुटतं तिथे लावायची. मुख्य हंगाम भादव्यापासून पुढे, पाणी उतरताना. वलगणीत मासा चढताना सापडतो, खोईनीत उतरताना. हा फरक छोटा वाटतो, पण नाही. उतरणारा मासा अंडी घालून झालेला असतो.

पाग. गोल फेकजाळं, कडेने शिशाच्या गोळ्या. भातसेकाठी पाग फेकणारा जुना माणूस बघा, जाळं हवेत पूर्ण वर्तुळात उघडतं. पण मांगूर-शिंगी पागात कमीच येतात, कारण ते तळाच्या चिखलात, दगडाच्या कपारीत बसतात. पाग आहे तो मोकळ्या पाण्यातल्या माशांसाठी.

गळ. मिशीवाल्यासाठी खरी रीत ही. संध्याकाळी एका लांब दोरीला ओळीने गळ बांधायचे, त्यांना गांडूळ नाही तर कोंबडीची आतडी लावायची, दोरीचं एक टोक झाडाला, दुसरं दगडाला. सकाळी जाऊन बघायचं. हा मासा रात्रीचा फिरतो आणि वासावर येतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच हे साधतं.

डोह उपसणं. उन्हाळ्यात लहान डबक्याला माती-दगडांचा बांध घालायचा, पाणी भांड्यांनी बाहेर काढायचं आणि तळाच्या चिखलात हाताने चाचपून मासे काढायचे. हे काम बहुतेक बायका-पोरांचं. दिवसभर राबलं तर एक डबकं होतं.

आणि शेवटची, झाडपाल्याची. गेळाची फळं कुटून किंवा रामेठ्याची साल ठेचून साचलेल्या पाण्यात टाकायची. मासे गुंगतात, वर येतात. ही रीत चांगली होती असं मी म्हणणार नाही. त्यात पिल्लंही मरतात. पण तिला एक मर्यादा होती. ती साचलेल्या लहान पाण्यातच चालते, वाहत्या पाण्यात नाही. आणि पाटीभर फळं गोळा करायची, कुटायची, वाहून न्यायची म्हणजे चार माणसांचा दिवस जातो.

आता या सगळ्या रीती एका ओळीत ठेवून बघा. प्रत्येकीला कुठे ना कुठे लगाम आहे. वलगणीला दोन रात्रींचा. खोईनीला बांधाच्या तोंडाचा. गळाला गळांच्या संख्येचा. उपशाला माणसांच्या कमरेचा. कोणी नियम केला नव्हता. हत्यार आणि हंगाम हाच नियम होता. शिवाय दिवाळीनंतर अर्धी कातकरी वाडी वीटभट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडावर परत येते. उन्हाळ्यात नदीवर धरणारे हातच कमी.

डॅन्यूबवरचा दांडका

हे आपल्यापुरतंच आहे असं समजू नका. युरोपातल्या नद्यांत याच कुळातला एक राक्षस राहतो, वेल्स कॅटफिश. दोन मीटरच्या पुढे सहज वाढतो. २०२३ मध्ये इटलीच्या पो नदीत गळाला लागलेला एक मासा २८५ सेंटिमीटर भरला. त्याचाही नर अंड्यांची राखण करतो, आपल्या मांगरासारखाच. तोही रात्रीचा, तोही तळाचा, तोही मिशांवर चालणारा.

हंगेरी, सर्बिया आणि त्या बाजूच्या देशांत डॅन्यूब आणि तिसा नद्यांवर त्याला धरायची एक जुनी रीत आहे. होडी संथ वाहू द्यायची. हातात एक वाकडा लाकडी दांडका, टोकाला लहान चकतीसारखा सपाट भाग. तो एका विशिष्ट झटक्याने पाण्यात मारला की ‘प्लुक्’ असा पोकळ आवाज होतो. खाली दोरीला जळवा, गांडुळं किंवा छोटा मासा लावलेला. त्या आवाजाने तळाशी पडलेला मासा वर उठतो. का उठतो याबद्दल तिकडे आजही मतभेद आहेत. कोणी म्हणतं बेडकाचा आवाज वाटतो, कोणी म्हणतं दुसरा मासा खातोय असं वाटतं. पण हात बसायला वर्षं लागतात. दांडका प्रत्येकाला विकत मिळतो, आवाज प्रत्येकाला काढता येत नाही.

याशिवाय रात्रभर ठेवायच्या दोऱ्या, वेताचे सापळे, हाताने कपारी चाचपून मासा काढणं हे सगळं त्यांच्याकडेही होतं. म्हणजे काळूवरचा कातकरी आणि तिसेवरचा हंगेरियन कोळी भेटले असते तर भाषा कळली नसती, पण एकमेकांची हत्यारं नक्की कळली असती.

फरक पुढे पडला. हंगेरीत १८८७ साली ओट्टो हर्मन नावाच्या अभ्यासकाने हंगेरियन मासेमारीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात गरीब कोळ्यांची जाळी, सापळे, त्यांची बोलीतली नावं, सगळं चित्रांसकट नोंदवलं. त्यांनी आपल्या कोळ्याला इतिहासात जागा दिली. पुढे नियम आले तेही माशाचा हंगाम बघून. तिथे मे ते जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे विणीच्या दिवसांत, हा मासा धरण्यावर निर्बंध असतात.

आणि त्याच युरोपातली उलटी गोष्टही ऐका. स्पेनच्या एब्रो नदीत हा मासा मुळात नव्हताच. १९७४ मध्ये एका जर्मन माणसाने त्याची पिल्लं आणून तिथल्या धरणात सोडली. हेतू काय, तर मोठा मासा गळाला लावायची मौज. मासा फोफावला. आता तिथे देशोदेशीचे शौकीन येतात, होडी भाड्याने घेतात, मोठ्या गोळ्यांचं आमिष लावतात, मासा ओढतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. धंदा उभा राहिला, पण नदीतल्या मूळ माशांवर संकट आलं. २०१३ मध्ये स्पेनने या माशाला घुसखोर प्रजातींच्या सरकारी यादीत घातलं. फ्रान्समध्ये आल्बी गावाजवळ टार्न नदीत हेच मासे काठावर पाणी प्यायला आलेली कबुतरं झडप घालून पकडतात. त्यावर २०१२ मध्ये शास्त्रीय लेखही छापून आला. तिथेही हा मासा बाहेरून आणलेला.

डॅन्यूबवर जो मासा घरचा आहे तोच एब्रोवर घुसखोर आहे. मासा वाईट नसतो. तो कुठे आहे आणि कोणी आणला, हा प्रश्न असतो. आता आपल्याकडे परत या.

कायद्याने काय पाहिलं, काय नाही

१८७३ साली फ्रान्सिस डे या इंग्रज अधिकाऱ्याने भारत आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर मोठा अहवाल लिहिला. बारीक आसाची जाळी, खाचरातले सापळे, चढत्या माशांची कत्तल, यावर त्याने बोट ठेवलं. पण नद्यांवरचे बंधारे माशांची चढण तोडतात, हेही त्याने लिहिलं होतं. दोन्ही.

पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला. त्यात पाण्यात डायनामाईट लावण्यावर बंदी, विष टाकण्यावर बंदी, आणि सापळे, जाळ्याचा आस, बंदीचा काळ यावर नियम करायचा अधिकार सरकारला. शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच डायनामाईटने मासे मारणं इतकं वाढलं होतं की कायद्यात तो शब्द घालावा लागला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६० चा आपला मत्स्यव्यवसाय कायदा केला. त्यातही स्फोटकं आणि विषावर बंदी आहेच.

पण १८९७ च्या कायद्यात धरणावर एकही कलम नाही. डेने दोन गोष्टी सांगितल्या होत्या, सरकारने एक उचलली. टोपलीवाला कायद्यात आला, बंधारा बाहेर राहिला. त्यात नवल नाही, बंधारा सरकार स्वतःच बांधत होतं. त्या कायद्याच्या पाच वर्षं आधी, १८९२ मध्ये, आपल्या शहापुरात तानसा धरण पूर्ण झालं होतं, मुंबईला पाणी द्यायला.

मग यादी वाढत गेली. वैतरणेवर १९५७ मध्ये मोडकसागर. मुरबाडच्या बाजूला एमआयडीसीचं बारवी. मग भातसा. २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मासा चढायला वाट ठेवलेलं यातलं एक तरी धरण मला दाखवा. भातसेत समुद्राकडून वर येणाऱ्या माशाला आधी पिसेचा बंधारा लागतो आणि तो ओलांडलाच तर पुढे धरणाची भिंत. मुंबईला पाणी गेलं, आपल्या वाड्यांवर मे महिन्यात टँकर आला, हे आपण सगळे बोलतो. मासाही गेला, हे कोणी बोलत नाही.

म्हणून वलगणीवरच्या भांडणात मी टोपलीवाल्याला एकट्याला आरोपी करायला तयार नाही. चढणीची अर्धी वाट भिंतीने आधीच बंद केली आहे. उरलेल्या अर्ध्या वाटेवर तो उभा आहे, एवढंच.

लगाम नसलेल्या रीती

पण म्हणून सगळं ठीक चाललंय असंही नाही. गेल्या काही वर्षांत तीन रीती अशा आल्या की ज्यांना लगामच नाही.

पहिली, तोटे. खदानीचा, रस्त्याचा माल बाहेर पडतो आणि डोहात फुटतो. वर तरंगतात ते थोडे, तळाला जातात ते जास्त. ते कोणालाच मिळत नाहीत. हात गेलेली माणसं आपण पाहिली आहेत.

दुसरी, करंट. तारेवर आकडा टाकून किंवा इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन पाण्यात वीज सोडायची. मोठा, लहान, अंड्यावरचा, काही निवड नाही. आणि दरवर्षी कुठे ना कुठे माणूसही जातो यात.

तिसरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. टीसीएल. पिण्याच्या विहिरीत टाकायची पावडर डोहात ओतायची. मासे, खेकडे, कोळंबी, बेडूक, पाण्यातले किडे, सगळं संपतं. गेळाच्या फळाने डबकं गुंगायचं, टीसीएलने डोह मरतो. आणि त्याच डोहाच्या काठी झरा काढून एखादी वाडी पाणी पीत असते.

या तिन्ही रीतींत सारखं काय आहे सांगू? तिन्हींना मासा कसा जगतो हे माहीत असावं लागत नाही. गळ लावणाऱ्याला माहीत हवं की शिंगी कुठल्या कपारीत बसते. खोईन लावणाऱ्याला माहीत हवं की पाणी कुठून उतरतं. दांडका मारणाऱ्या हंगेरियनला माहीत हवं की आवाज कसा निघतो. करंटवाल्याला फक्त बटण माहीत हवं. ज्ञान गेलं की लगाम गेला. आणि हे करणारे बहुतेक वेळा वाडीवरचे नसतातच. गाडी घेऊन बाहेरून येतात, पोती भरून नेतात. नाव मात्र आदिवासींचं बदनाम होतं.

आणि आपला एब्रो

एब्रोची गोष्ट दूरची वाटली असेल तर थाई मांगूर आठवा. नाव थाई, मूळ आफ्रिकेचं. झपाट्याने वाढतो, काहीही खातो, घाण पाण्यात जगतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या शेतीवर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये दखल घेतली आणि त्यानंतर आपल्या ठाणे-रायगडातही मत्स्य विभागाने तळी उपसून साठे नष्ट केले. तरी चोरून चालूच आहे. आडबाजूला तळं, कोंबडीच्या दुकानातली घाण खाद्य म्हणून, आणि पावसात तळं फुटलं की मासा ओहोळात.

हा आपल्या खाचरात शिरला तर देशी मांगराचं काय होईल ते स्पेनला विचारा. ओळखायची एक साधी खूण. देशी मांगूर फार मोठा होत नाही, वीतभर, हातभर. दोन-तीन किलोचा मांगूर कोणी ‘गावठी’ म्हणून विकत असेल तर तो गावठी नाही.

मग करायचं काय?

सल्ला द्यायचा अधिकार मला नाही, पण काही गोष्टी मांडतो.

एक. वलगण बंद करा असं मी म्हणणार नाही, पण तिला पूर्वीचा लगाम परत लावता येईल. पहिल्या रात्रीचा चढ सोडायचा. ओहोळाचं पूर्ण तोंड जाळ्याने बांधायचं नाही, अर्धी वाट मोकळी ठेवायची. मच्छरदाणीचं कापड वापरायचं नाही. विकायला नाही, खाण्यापुरतं. समुद्रातले कोळी बांधव जून-जुलैमध्ये होड्या ओढून ठेवतात. आपल्याला एक-दोन रात्री सोडता येत नाहीत?

दोन. याचा ठराव ग्रामसभेने करायचा. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावंही आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यात लहान जलसाठ्यांचं नियोजन स्थानिक पातळीवर देण्याची तरतूद आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलाय. आपण वनहक्क म्हटलं की फक्त दळी जमिनीचा दावा करतो. डोहाचा दावा किती गावांनी केला? हक्क मिळाला तर बाहेरून येणाऱ्या गाडीला अडवायचा अधिकारही मिळतो.

तीन. टीसीएल, करंट, तोटे दिसले तर व्हिडिओ काढून व्हायरल करण्याआधी पोलीस पाटलाला आणि ग्रामपंचायतीला कळवा. टीसीएल कुठून येते हेही विचारा. ती ग्रामपंचायतीच्या साठ्यातूनच जात असेल तर नोंदवही मागा.

चार. काळू. मुरबाडची ही नदी अजून मोठ्या भिंतीविना वाहते आहे. काळू धरणाचं काम २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबवलं, वनजमिनीच्या मंजुरीच्या मुद्द्यावर. पण प्रकल्प कायमचा गेला असं समजू नका. शहरांची तहान वाढतेच आहे. त्या धरणाच्या चर्चेत जमीन येते, घरं येतात, जंगल येतं, आणि ती यायलाच हवीत. पण काळूच्या डोहांवर ज्यांचं उन्हाळ्याचं कालवण अवलंबून आहे, त्यांचा मासा कुठल्या नुकसानभरपाईच्या तक्त्यात येतो? सातबारा नसलेल्या कातकऱ्याचा सातबारा नदीच असते. तो बुडाला तर त्याची नोंद कोण ठेवतं?

पाच, आणि हे सगळ्यात सोपं. लिहून ठेवा. हंगेरीने १८८७ मध्ये आपल्या कोळ्यांची हत्यारं नोंदवली. आपल्या शिंगाळ्याचं नाव विलायतेच्या पुस्तकात गेलं, पण ते सांगणारा माणूस हरवला. आज आपल्या वाड्यांवर खोईन विणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांच्याकडे जा. टोपलीचा फोटो काढा, प्रत्येक भागाचं नाव विचारा, कोणत्या झाडाची कामटी, कोणत्या नक्षत्रात लावायची, ते त्यांच्या बोलीत लिहून घ्या. शाळेतल्या मास्तरांनी पोरांना हा प्रकल्प द्यावा.

तुमच्या गावात वलगणीला, खोईनीला, मांगराला काय म्हणतात ते खाली लिहा. डोळखांब, किन्हवली, कसारा, टोकावडे, धसई, सरळगाव, सगळीकडची नावं येऊ द्या. मी यादी करून पुन्हा इथेच टाकतो, सांगणाऱ्याच्या नावासकट. यावेळी सांगणारा हरवायला नको.